प्रवाळाची नाडीपरीक्षा

कर्जविभागात काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास आलेला असतो. खाते थकीत होते त्या दिवशी ते आजारी पडलेले नसते. ते कित्येक महिने आधीपासून आजारी असते. लक्षणे दिसत असतात, पण ती पाहण्यासाठी कोणी थांबलेले नसते. हाच धडा बँकेपासून हजारो मैल दूर, एका काचेच्या पेटीसमोर बसून मला पुन्हा शिकावा लागेल, असे वाटले नव्हते.

२०२३ च्या मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा घेऊन मी अमेरिकेत न्यू जर्सीला ताईकडे गेले होते. भावोजींना खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा छंद आहे. दिवाणखान्याच्या भिंतीलगत सहा फूट लांबीची पेटी, तिच्यावर निळसर प्रकाश आणि आत मासे थोडे, प्रवाळ अधिक. त्या पेटीच्या मध्यभागी जांभळ्या टोकांचा, मोठ्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा एक शाखायुक्त प्रवाळ होता. अ‍ॅक्रोपोरा हे त्याच्या कुळाचे नाव. सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटणारे प्रवाळ याच कुळातले.

या प्रवाळाला एक इतिहास होता. भावोजींच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आपल्या पेटीतील प्रवाळाचे अंगठ्याएवढे तीन तुकडे तीन मित्रांना दिले होते. हे सहकारी २०२० मध्ये निवर्तले आणि त्यांची पेटी मोडली गेली. उरलेल्या तिघांपैकी एकाचा तुकडा घर बदलताना दगावला, दुसऱ्याचा वीज गेल्यामुळे. राहिला तो केवळ भावोजींकडचा. "ही त्यांची माझ्याकडची ठेव आहे," असे ते म्हणत. मी गेले तेव्हा ती ठेव संकटात होती.

एक पातळ आवरण

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव एकमेकांशी जोडलेले राहून वसाहत करतात आणि स्वतःच्या खाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातात. आपल्या नजरेत भरतो तो सांगाड्याचा आकार. जिवंत असते ते त्यावरील अत्यंत पातळ आवरण. या आवरणाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः या भाडेकरूंचा असतो.

म्हणून प्रवाळ पांढरा दिसू लागला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : भाडेकरू गेले आहेत, की घरच कोसळले आहे? पाणी तापले किंवा प्रकाश फार वाढला की शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ फिकट होतो. याला विरंजन म्हणतात. यात ऊती पारदर्शक झालेल्या असतात, पण जागेवर असतात. भिंगातून पाहिल्यास पॉलिप दिसतात आणि परिस्थिती वेळीच सुधारली तर प्रवाळ सावरू शकतो. ऊतींचा ऱ्हास ही निराळी गोष्ट. तेथे आवरणच नाहीसे होऊन उघडा सांगाडा दिसतो, त्यावरील बारीक खाचा स्पष्ट होतात आणि काही दिवसांतच तेथे हिरवट शैवालाचा थर चढू लागतो. गेलेली ती जागा त्या पॉलिपांना परत मिळत नाही. शेजारचे आवरण निरोगी असेल तर ते कधी कधी हळूहळू तेथवर पसरते, एवढेच.

भावोजींच्या प्रवाळाचा बुंधा पांढरा पडला होता आणि त्या पांढऱ्यावर खालून हिरवट छटा चढत होती. म्हणजे हा ऱ्हास होता आणि तो निदान आठवडाभर जुना होता.

एकाच वेळी सात औषधे

भावोजी स्वस्थ बसलेले नव्हते. गेल्या आठ दिवसांत त्यांनी दोनदा पाणी बदलले होते, दिवे मंद केले होते, अल्कलिनिटी वाढवणारे द्रावण वाढवून मग कमी केले होते, पाण्याच्या प्रवाहाची दिशा बदलली होती आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणले होते. प्रत्येक उपाय स्वतंत्रपणे पाहिला तर चुकीचा नव्हता. पण सगळे एकदम केल्यामुळे कशाने काय झाले हे सांगणे अशक्य झाले होते. शिवाय या धावपळीत पाण्याची अल्कलिनिटी सातपासून साडेनऊ जर्मन अंशांपर्यंत वर-खाली झाली होती. अ‍ॅक्रोपोराला थोडे अधिक किंवा थोडे उणे चालते. वारंवार होणारी उलथापालथ सोसत नाही.

"नोंदवही आहे का?" मी विचारले. मला प्रवाळातले काही कळत नव्हते, पण तपासणीला गेल्यावर पहिल्यांदा काय मागायचे एवढे कळत होते.

नोंदवही होती. शेवटची नोंद फेब्रुवारीतली होती.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही ताईची दिनदर्शिका, दुकानांच्या पावत्या आणि भावोजींच्या फोनमधील छायाचित्रे घेऊन बसलो. पेटीचे छायाचित्र ते जवळजवळ रोज काढत, त्यामुळे काळाचा क्रम लावता आला. मार्चअखेर बुंधा पूर्ण रंगीत. एप्रिलच्या मध्याला खालच्या फांद्यांवर फिकट ठिपके. मेच्या पहिल्या आठवड्यात पांढरा पट्टा. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक पावती : हिरव्या अ‍ॅक्रोपोराचा एक नवा तुकडा.

"हा पेटीत टाकण्यापूर्वी वेगळा ठेवला होता का?" ताईने विचारले.

भावोजींनी मान हलवली. कार्यालयात वर्षअखेरीसारखी धांदल होती. नवा तुकडा समुद्राच्या पाण्यात खळबळून त्यांनी थेट आत ठेवला होता. एरवी ते असे कधी करत नसत.

लक्षणांची भाषा

दुसऱ्या दिवशी तपासणी पद्धतशीर सुरू झाली. जाणकार मंडळी ज्या क्रमाने प्रश्न विचारतात तो क्रम भावोजींना ठाऊक होता. घाबरल्यामुळे ते तो विसरले होते, इतकेच.

पहिला प्रश्न, वेग. काही वेळा निरोगी दिसणाऱ्या प्रवाळाचे आवरण काही तासांत किंवा एखाद्या दिवसात सालपटासारखे सुटून पाण्यात तरंगू लागते. यास शीघ्र ऱ्हास म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पांढरी रेघ रोज थोडी थोडी सरकत आठवडे घेते. येथे रेघ संथ होती.

दुसरा प्रश्न, जागा. केवळ टोके जळाल्यासारखी झाली असतील तर पाण्यात पोषकद्रव्ये फार कमी असताना अल्कलिनिटी किंवा प्रकाश अधिक झाल्याचा संशय घेतात. बुंध्यापासून सुरुवात झाली असेल तर सावली, अपुरा प्रवाह, पाण्यातील चढउतार किंवा कीड यांचा विचार करतात.

तिसरा प्रश्न, कडा. मेलेला आणि जिवंत भाग यांच्या सीमेवर खरे निदान लिहिलेले असते. तेथे तपकिरी, बुळबुळीत, तरंगता लगदा दिसला तर तो 'ब्राउन जेली' नावाचा विकार. जिवाणू आणि सूक्ष्म आदिजीव यांचा त्यात संबंध आढळतो आणि तो झपाट्याने शेजारी पसरतो, म्हणून तो लगदा नळीने ओढून काढून बाधित प्रवाळ तत्काळ वेगळा करतात. कडा सरळ आणि स्वच्छ असेल तर जंतुसंसर्ग किंवा पाण्यातील बिघाड संभवतो. कडेच्या आत, जिवंत भागावर लहान गोल डाग असतील, तर कोणीतरी खात आहे.

चौथा प्रश्न, व्याप्ती. पेटीतील सर्वच प्रवाळ मलूल असतील तर दोष बहुधा पाण्यात. एकाच कुळाचे प्रवाळ आजारी आणि शेजारी धडधाकट असतील, तर त्या कुळालाच लक्ष्य करणाऱ्या शत्रूचा शोध घ्यावा. आम्ही पाणी तपासले. तापमान साडेपंचवीस अंश, क्षारता समुद्राइतकी म्हणजे हजारी पस्तीस भाग, अल्कलिनिटी त्या दिवशी ८.२. पानासारखा पसरणारा माँटिपोरा टवटवीत होता, लांब बोटांसारख्या स्पर्शिका डोलवणारा युफायलियाही मजेत होता. आजारी होते ते फक्त अ‍ॅक्रोपोरा.

घटनास्थळी सापडलेला निरपराध

प्रवाळावरील बरीचशी कीड रात्री बाहेर पडते. म्हणून रात्री अकरा वाजता दिवे मालवून, टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावून आम्ही चौघे पेटीसमोर बसलो. बारा वर्षांची माझी भाचीही जागी होती. थोड्याच वेळात प्रवाळाच्या पांढऱ्या बुंध्यावरून गोमेसारखा, दोन्ही बाजूंना केस असलेला एक किडा सरपटताना दिसला.

"सापडला!" भावोजी म्हणाले आणि चिमट्याकडे हात नेला.

"पण बाबा, तो मेलेल्या भागावर बसलाय," भाची म्हणाली. "जिवंत भागाकडे तो बघतसुद्धा नाही."

तिचे बरोबर होते. हे केसाळ कृमी बहुतांशी सडके, उरलेसुरले खाणारे सफाई कामगार असतात. मृत्यूच्या जागी ते नेहमी हजर असतात आणि म्हणून नेहमी त्यांच्यावरच आळ येतो. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांत राहणाऱ्या चिमुकल्या खेकड्यांचेही तसेच. निसर्गात असे काही खेकडे आपल्या प्रवाळावर चालून येणाऱ्या काटेरी तारामाशालाही चिमटे काढून हुसकावतात. हाताशी सापडला म्हणून त्यालाच दोषी ठरवण्याचा मोह आपल्या दैनंदिन कामकाजातही होतो, हे त्या वेळी माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

सकाळी भिंग घेऊन पाहिले तेव्हा जिवंत कडेच्या आत, खालच्या फांद्यांवर, मोहरीएवढे फिकट गोल डाग दिसले. भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रवाळ दगडावरून सोडवला, पांढऱ्या टबात समुद्राचे पाणी आणि आयोडीनयुक्त द्रावण घेऊन त्यात ठेवला आणि मोठ्या पिचकारीने फांद्यांवर पाण्याचे झोत मारले. टबाच्या तळाशी पारदर्शक, लंबगोल, पापडाच्या चुऱ्यासारखे काहीतरी पडू लागले. ते हलत होते. आम्ही सतरा मोजले.

ते अ‍ॅक्रोपोराभक्षक चपटे कृमी होते. घरगुती मत्स्यालये बाळगणाऱ्यांनी वर्षानुवर्षे धसका घेतलेल्या या कृमीचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. प्रवाळाच्या ऊती खाऊन त्यांतील रंगद्रव्यासह तो प्रवाळाचाच रंग धारण करतो, त्यामुळे डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. अंडी तो उघड्या सांगाड्यावर, जिवंत कडेच्या जवळ, सोनेरी तपकिरी पुंजक्यांत घालतो. प्रवाळ उलटा केला तेव्हा बुंध्याखाली तसे पुंजके होते.

प्रत्येक कुळाचे असे आपले शत्रू आहेत. माँटिपोराच्या पानाखाली जेमतेम काही मिलिमीटरच्या पांढऱ्या, कवचहीन समुद्री गोगलगायी लपतात आणि कडेपासून आत खात जातात. झोॲन्थस या फुलांसारख्या जीवांवर पोसणाऱ्या गोगलगायी त्याचाच रंग घेतात. अ‍ॅक्रोपोरावर अर्ध्या मिलिमीटरचा, पिवळ्या अंगावर लाल ठिपका असलेला एक कवचधारी जीवही आढळतो. त्याने आवरण सहसा झडत नाही, पण रंग उडतो आणि पॉलिप बाहेर येईनासे होतात. लक्षणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

एक दूरध्वनी

चपट्या कृमींवरील उपायात एक मोठी मेख आहे. द्रावणात बुडवल्याने कृमी सुटून पडतात, अंडी मात्र मरत नाहीत. पाणी जितके उबदार तितकी ती लवकर, साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून एकदा बुडवून भागत नाही. दर आठवड्याला, अनेक आठवडे बुडवावे लागते आणि अंडी असलेला सांगाडा खरवडावा किंवा टाकून द्यावा लागतो. मुख्य पेटीत त्या काळात एकही अ‍ॅक्रोपोरा ठेवायचा नाही, म्हणजे तेथे उरलेल्या अंड्यांतून निघणारे कृमी उपाशी मरतात.

याचा अर्थ स्पष्ट होता. नऊ वर्षे वाढलेला तो प्रवाळ अखंड ठेवता येणार नव्हता. भावोजींनी कातरीने वरच्या निरोगी फांद्यांचे बारा तुकडे कापले, ते चिनी मातीच्या नव्या चकत्यांवर चिकटवले आणि वेगळ्या लहान पेटीत ठेवले. बुंधा टाकून दिला. ते करताना त्यांनी आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितले.

पण खरी अवघड गोष्ट पुढे होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भावोजींनी याच प्रवाळाचे दोन तुकडे त्या दोन मित्रांना परत नेऊन दिले होते. दिवंगत सहकाऱ्यांची आठवण पुन्हा तिन्ही घरी असावी, हा हेतू. आता हिशेब सरळ होता : कीड मार्चमध्ये आली, तुकडे एप्रिलमध्ये गेले.

"आधी आपले नीट होऊ दे, मग सांगतो," भावोजी म्हणाले. "कदाचित त्यांच्याकडे गेलीही नसेल."

"गेली नसेल तर सांगण्यात काही नुकसान नाही," ताई म्हणाली. "गेली असेल तर एकेक दिवस महाग आहे. आत्ताच फोन कर."

त्यांनी फोन केला. एका मित्राने त्याच संध्याकाळी तुकडा बुडवून पाहिला. तो स्वच्छ होता. दुसऱ्याकडे चार कृमी निघाले, पण त्याने नवा तुकडा वेगळ्या पेटीत ठेवला होता, त्यामुळे त्याच्या मुख्य पेटीतले अ‍ॅक्रोपोरा वाचले. तो रागावला नाही. "वेळेवर कळवलेस," एवढेच म्हणाला. फोन ठेवल्यावर भावोजींच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा दिसला, तो कृमी सापडल्यावरही दिसला नव्हता.

मी परतल्यानंतर बातम्या ताईकडून येत राहिल्या. आठ आठवडे दर रविवारी तुकडे बुडवण्यात आले. शेवटचे तीन आठवडे टबात काहीही पडले नाही. बारांपैकी आठ तुकडे दगावले, काही कृमींच्या जखमांनी आणि काही उपचाराच्या ताणाने. चार जगले.

पेटीबाहेरचा समुद्र

त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दक्षिणेस समुद्र असह्य तापला होता. जुलै २०२३ मध्ये तेथील मॅनेटी उपसागरात पाण्याचे तापमान ३८ अंशांच्या वर नोंदले गेले आणि समुद्रातील रोपवाटिकांमधून प्रवाळ उचलून जमिनीवरील टाक्यांत आणावे लागले. त्याआधीच, २०१४ मध्ये मायामीजवळ, दगडी प्रवाळांचा ऊतीऱ्हास करणारा एक नवा रोग आढळला होता. वीसहून अधिक जातींना ग्रासत तो संपूर्ण फ्लोरिडा भित्तीवर आणि कॅरिबियन समुद्रात पसरला. रोगाची लाट पोहोचण्यापूर्वी निरोगी प्रवाळ समुद्रातून उचलून अमेरिकेतील अनेक प्राणिसंग्रहालये व मत्स्यालये यांत ठेवण्यात आले आणि समुद्रातील बाधित प्रवाळांच्या कडेवर अ‍ॅमॉक्सिसिलीनचा लेप पाणबुड्यांनी हाताने लावला. बंदिस्त टाकीत प्रवाळ कसा जगवावा, कडा कशी वाचावी, आजारी वेगळा कसा करावा, या ज्ञानाचा बराच भाग मत्स्यालयांतून घडत आला आहे. २०१९ मध्ये टॅम्पा येथील फ्लोरिडा मत्स्यालयात दुर्मीळ स्तंभ-प्रवाळाने प्रयोगशाळेत बीजोत्सर्ग केला, हे त्याच साधनेचे फळ.

आपल्याकडील वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे वा बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा हा छंद येथे अनुकरणासाठी सांगितलेला नाही. आपले प्रवाळ आपण त्यांच्या घरी जाऊन पाहावेत. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात नरारा येथे ओहोटीच्या वेळी ते चालत जाऊन पाहता येतात. मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार येथे तर त्यांची वैभवशाली राज्ये आहेत. आपल्या मालवणच्या पाण्यातही ते आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरचे प्रवाळ उचलून अन्यत्र हलवावे लागले, तेव्हा ते तेथे होते हेच अनेक मुंबईकरांना प्रथम कळले.

गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांना या कथेतील शिस्त जशीच्या तशी लागू पडते. नवा मासा वा नवी वनस्पती काही आठवडे वेगळी ठेवावी. बिघाड दिसताच आधी पाहावे, मोजावे, लिहावे. मग एका वेळी एकच बदल करावा. जवळ दिसला म्हणून कोणाला दोषी धरू नये. आणि आपल्याकडून दुसऱ्याकडे काही दोष गेला असण्याची शक्यता असेल, तर खात्री होण्याची वाट न पाहता कळवावे.

गेल्या दिवाळीत ताईने एक छायाचित्र पाठवले. मुठीएवढा झालेला जांभळ्या टोकांचा प्रवाळ आणि त्यामागे काचेला टेकवलेली एक वही. वहीत दर रविवारची नोंद आहे. अक्षर भाचीचे आहे.